'लागणे' येतं, मग 'मेक अप' का अडतं?

रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर कुणीतरी हाक देतं, 'कोल्हापूर गाडी लागली!' आणि बाकावरची माणसं पिशव्या उचलून फलाटाकडे निघतात. तीच गाडी आंबा घाटात शिरली की खिडकीजवळची आजी पदर तोंडाशी धरून म्हणते, 'मला गाडी लागते गं.' शेजारची बाई काही न विचारता आवळासुपारीची पुडी पुढे करते. गाडी तीच आणि क्रियापदही तेच. पहिल्या वाक्यात गाडी फलाटाला टेकली आहे, दुसऱ्यात आजीच्या पोटात ढवळतं आहे. या दोन अर्थांत कुणाची गल्लत झालेली मी आजवर पाहिलेली नाही.

हे 'लागणे' आपण कुठे कुठे वापरतो ते एकदा मोजून पाहावं. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, आग लागते. मुलाला नोकरी लागते, दहावीचा निकाल लागतो, टॉकीजला सिनेमा लागतो. झाडाला आंबे लागतात आणि लक्ष नसलं तर दूध पातेल्याला खाली लागतं. कुणाचं बोलणं मनाला लागतं, कुणाला पत्त्यांचा नाद लागतो. पोहोचायला वेळ लागतो, वाटेत मलकापूर लागतं, तिथे भेटलेली बाई नात्यानं आपली मावशी लागते. बाळ चालू लागतं. मनात नसताना बाजाराला जावं लागतं. संस्कृतातला 'लग्' म्हणजे चिकटणे, स्पर्श होणे. त्या धातूपासून हे क्रियापद आलं आणि 'लग्न' हा शब्दही त्याच घरचा. पण हे ठाऊक नसलेलं पाच वर्षांचं मूलही यातलं बहुतेक सगळं अचूक वापरतं. त्यानं कुठली यादी पाठ केलेली नसते.

मी बावीस वर्षं तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं. एका वर्षी वर्गात उताऱ्याचं वाचन चाललं होतं. एक वाक्य आलं : 'विमेन मेक अप निअरली हाफ ऑफ द वर्ल्ड्स पॉप्युलेशन.' तिसऱ्या बाकावरच्या मुलीला मी अर्थ विचारला. तिनं नीट विचार करून सांगितलं, 'जगातल्या जवळजवळ अर्ध्या बायका मेकअप करतात.' वर्ग हसला. ती खाली बसली आणि त्या आठवड्यात तिनं पुन्हा हात वर केला नाही.

त्या मुलीचं काय चुकलं होतं, याचा मी पुढे बराच विचार केला. तिला माहीत असलेला एकच 'मेकअप' होता, तो मराठीत रुळलेला, पावडर-लिपस्टिकचा. त्याच्या आधारानं तिनं वाक्याचे बाकीचे शब्द जोडले आणि अर्थ लागणारं, व्याकरणाला धरून असलेलं वाक्य तयार केलं. मिळालेल्या पुराव्यावरून तिनं काढलेला निष्कर्ष बरोबर होता. पुरावाच तिच्यापर्यंत अपुरा पोहोचला होता आणि तो तिच्यापर्यंत पोहोचवणं हे माझं काम होतं.

'मेक अप' म्हणजे काय काय, ते पाहू. बायका लोकसंख्येचा अर्धा हिस्सा 'मेक अप' करतात, म्हणजे त्या मिळून तो हिस्सा होतो. उशिरा आलेल्या मुलानं बहाणा 'मेक अप' केला, म्हणजे रचला. भांडलेल्या दोघी मैत्रिणींनी 'मेक अप' केलं, म्हणजे त्यांचं परत जुळलं. बुडालेले तास रविवारी 'मेक अप' केले, म्हणजे भरून काढले. फीला दोनशे रुपये कमी पडत होते ते मामानं 'मेक अप' केले. तिनं मन 'मेक अप' केलं, म्हणजे ठरवून टाकलं. इंग्लंडातला औषधविक्रेता डॉक्टरची चिठ्ठी 'मेक अप' करतो, म्हणजे त्यातलं औषध तयार करून देतो. तोंडाला रंग लावण्याचा अर्थ या सगळ्यांच्या मानानं नवा, एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीवरून आलेला. नट भूमिकेसाठी स्वतःला 'तयार' करी, त्यातून तो निघाला. मराठीनं नेमका तेवढाच उचलला.

ही यादी आमच्याकडे कशी शिकवली जाते? व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता असतो. डाव्या बाजूला क्रियापद, उजव्या बाजूला एक अर्थ. 'मेक अप – कॉम्पेन्सेट.' 'पुट ऑफ – पोस्टपोन.' 'पुट अप विथ – टॉलरेट.' स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत तोच तक्ता लांब होऊन येतो. मुलं तो रट्टा मारून पाठ करतात, एका गुणाचं उत्तर लिहितात आणि परीक्षेनंतर विसरतात. ज्याला रोजच्या बोलण्यात सात-आठ अर्थ आहेत त्याला एकाच अर्थाच्या खुंटीला बांधल्यावर मुलांनी विसरू नये तर काय करावं?

याहून गंभीर गोष्ट त्या तक्त्याच्या उजव्या बाजूला आहे. तिथले शब्द बहुतेक लॅटिनमधून, पुष्कळदा फ्रेंचच्या वाटेनं आलेले. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर दरबार, न्यायालय आणि वरचा वर्ग यांची भाषा काही शतकं फ्रेंच राहिली. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधून आणखी भर घातली. 'टॉलरेट', 'पोस्टपोन', 'एक्स्टिंग्विश' हे शब्द त्या पोथीतले, न्यायालयातले. 'पुट अप विथ', 'पुट ऑफ', 'पुट आउट' हे घरातले, शेतातले, स्वयंपाकघरातले. इंग्रज आई मुलाला 'एक्स्टिंग्विश द कँडल' सांगत नाही. आपल्याकडे मूल आधी आणि बहुधा फक्त पोथीतलं इंग्रजी शिकतं. मग ते पुण्या-मुंबईला मुलाखतीला जातं, बोलतं, आणि समोरचा म्हणतो, 'याचं इंग्रजी पुस्तकी आहे.' ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्यांना 'मेक अप' आयता कानावर पडतो. ज्यांच्या घरात पडत नाही त्यांना तो शाळेनं द्यायला हवा होता. शाळेनं त्यांना 'कॉम्पेन्सेट' दिला आणि पुढे जगानं त्याच शब्दावरून त्यांना ओळखून बाजूला काढलं. मला हा अन्याय वाटतो, आणि तो व्याकरणाच्या तासाला होतो म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

त्याची झळ मुलाखतीपुरती नाही. परदेशातल्या रुग्णालयात काम करणाऱ्या आपल्या नर्सला रुग्ण 'व्हॉमिट' झाली असं क्वचितच सांगतो, तो 'थ्रू अप' म्हणतो. शुद्ध हरपली तर 'पास्ड आउट' म्हणतो. हा दुसरा शब्द आपल्याकडे वेगळ्याच अर्थानं रुळला आहे : 'मी २०१९ ला पास आउट झालो,' म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडलो. या वापराला चूक म्हणायला मी तयार नाही. खडकवासल्याच्या एनडीएत प्रशिक्षण पुरं झालं की 'पासिंग आउट परेड' होते आणि हा लष्करी अर्थ खुद्द इंग्रजांचाच. माणसं वापरतात तो अर्थ खरा. पण एकाच शब्दाला दुसरीकडे दुसरा अर्थ आहे, एवढं तरी मुलाला ठाऊक असायला हवं.

परक्यांना हा प्रकार अवघड जातो, हे इंग्रजांनाही फार पूर्वीपासून माहीत आहे. सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज लेखकानं १७५५ मध्ये आपला इंग्रजी शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की, क्रियापदापुढे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत आमच्या भाषेत फार आहे आणि परदेशीयांना सर्वांत जास्त अडचण हिचीच होते. त्यानं तिथे उदाहरणंही दिली आहेत. त्यातल्या 'टेक ऑफ'चा अर्थ दिला आहे 'नक्कल करणे'. विमान यायला अजून दीडशे वर्षं होती. आज आपल्या मुलाला 'टेक ऑफ' म्हटलं की विमानच दिसतं. या जोड्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र उशिरा मिळालं. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकानं १९२५ मध्ये ते छापलं आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं नोंदवलं. नाव पडायच्या आधी कित्येक शतकं अडाणी इंग्रज शेतकरीही ही क्रियापदं सहज वापरत होता, आपली आजी 'लागणे' वापरते तशीच.

माझं म्हणणं इथेच आहे. मराठी मुलाला या प्रकारची सवय जन्मापासून आहे, आणि इंग्रजी शिकवताना आपण ती वापरतच नाही.

'भरून काढणे' घ्या. बुडालेला अभ्यास मुलगा भरून काढतो. भरायचं म्हणजे आत घालायचं, काढायचं म्हणजे बाहेर आणायचं. मग भरून काढायचं कसं? हा प्रश्न मराठी माणसाला पडत नाही. 'काढणे'नं तिथे स्वतःचा मूळ अर्थ सोडलेला आहे आणि काम तडीस नेल्याची भावना तेवढी ठेवली आहे. आई मुलाला 'दूध पिऊन टाक' म्हणते तेव्हा ती दूध फेकायला सांगत नसते. इंग्रज आई त्याच वेळी 'ड्रिंक अप' म्हणते. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून टाक. आपला 'टाक' जे करतो तेच त्यांचा 'अप' करतो. 'वर' हा अर्थ त्या 'अप'मध्ये शोधायला गेलं की मूल हरवतं. 'टाक' दाखवला की त्याला वाट सापडते.

आपल्याकडे दुसरीही जात आहे, ती तर इंग्रजीच्या आणखी जवळची. मागे लागणे, मागे पडणे, मागे घेणे. पुढे येणे, पुढे ढकलणे. बाहेर पडणे : माणूस घरातून बाहेर पडतो, सत्यही बाहेर पडतं. परीक्षा 'पुढे ढकलली' म्हणजे कुणी हातानं ढकलली नाही. ती 'पुट ऑफ' झाली. सरकार आदेश 'मागे घेतं', इंग्रज आपला शब्द 'टेक बॅक' करतो. दिशा दाखवणारा छोटा शब्द आणि साधं क्रियापद एकत्र आलं की दोघांपलीकडचा अर्थ तयार होतो, ही युक्ती आपल्या तोंडात रोज आहे.

आणि 'मेक अप'? त्याला मराठीत एकच प्रतिशब्द नाही, पण जवळचा नातेवाईक आहे : 'जुळवणे'. पैसे जुळवतात, कविता जुळवतात, भांडणानंतर परत जुळतं, पटत नसलं तरी जुळवून घेतात. विखुरलेलं किंवा कमी पडणारं एकत्र आणून पुरं करायचं, हा 'जुळवणे'चा गाभा आहे आणि 'मेक अप'चाही जवळजवळ तोच. शिवाय 'बनवणे' आहेच. लाडू बनवतात आणि माणसालाही बनवतात. 'मला बनवतोस का?' असं विचारणाऱ्या मुलीला 'मेक अप' म्हणजे थाप रचणे हा अर्थ कळायला कितीसा वेळ लागेल? मन ठरवणं आणि तोंड रंगवणं हे दोन अर्थ 'जुळवणे'त बसत नाहीत, हे मान्य करावं आणि ते वेगळे सांगावेत. दोन अर्थ वेगळे लक्षात ठेवणं सोपं, आठ कठीण.

आता वर्गातली परिस्थिती पाहा. मराठीच्या तासाला मूल संयुक्त क्रियापद शिकतं : धातुसाधित आणि सहायक क्रियापद, उदाहरणं, ओळखा पाहू. घंटा होते, इंग्रजीचा तास सुरू होतो, त्यात 'फ्रेझल व्हर्ब'चा तक्ता येतो. पहिल्या तासाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं त्याला कुणी सांगत नाही. उलट पुष्कळ शाळांत इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायला बंदी असते. निरीक्षणाला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी माझ्या फळ्यावर 'पिऊन टाकणे' लिहिलेलं पाहून नापसंतीचा शेरा दिला होता.

त्यांची भीती मला समजते. आपल्याकडे भाषांतराच्या पद्धतीनं पिढ्यान् पिढ्या इंग्रजी शिकल्या आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून 'तर्खडकरी इंग्रजी' हा शब्दच तयार झाला. शब्दाला शब्द ठेवत गेलं की वाक्य मोडतं, हे खरं आहे. पण मी शब्दाला शब्द ठेवायला सांगत नाही. 'लागणे'चं इंग्रजी करायचा प्रयत्न केला तर प्रत्येक वाक्यात वेगळं क्रियापद येईल, आणि हेच मुलांना दिसायला हवं. एका भाषेतली साधी क्रियापदं कशी पसरतात हे स्वतःच्या भाषेत एकदा पाहिलं की दुसऱ्या भाषेत ती पसरलेली पाहून धक्का बसत नाही.

यावर संशोधनही झालेलं आहे. १९८५ मध्ये डॅगट आणि लॉफर यांनी हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. हिब्रूत अशी क्रियापदं नाहीत. ते विद्यार्थी इंग्रजीतली ही क्रियापदं टाळून एकशब्दी क्रियापदं वापरत होते. १९९३ मध्ये लॉफर यांनीच एलियासन यांच्याबरोबर स्वीडिश विद्यार्थी तपासले. स्वीडिशमध्ये अशी क्रियापदं आहेत आणि ते विद्यार्थी ती टाळत नव्हते. म्हणजे घरची भाषा इथे मदतीला येते. मधल्या काळात, १९८९ मध्ये, हुल्स्टाइन आणि मार्चेना यांना डच विद्यार्थ्यांत एक वेगळीच गोष्ट आढळली. डचमध्ये अशी क्रियापदं असूनही, जी इंग्रजी क्रियापदं आपल्या भाषेशी फारच जुळती वाटली ती काही विद्यार्थी टाळत होते. इतकं सारखं असेल हे त्यांना खरं वाटत नव्हतं. मला हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साम्य असून भागत नाही. ते कुणीतरी विश्वासानं दाखवून द्यावं लागतं. ते काम शिक्षकाचं.

मराठीची रचना स्वीडिशसारखी नाही, हे खरं. आपला सहायक शब्द क्रियापद असतो, त्यांचा छोटा अव्ययासारखा शब्द. 'मेक इट अप' म्हणतात, 'मेक अप इट' म्हणत नाहीत, ही शिस्त मराठीतून मिळणार नाही. ती कानानंच यायची. त्यासाठी तक्ता बाजूला ठेवून गोष्टी, संवाद, ऐकणं, बोलणं यांना वेळ द्यावा लागेल. तरी अर्थाची अर्धी वाट मराठीनं चालून होते, उरलेल्या अर्ध्या वाटेला तो वेळ देता येईल.

आणि सुरुवातीचं भांडवल मुलांकडे आहेच. लॉकअप, चेकअप, सेटअप, ब्रेकअप, बॅकअप, रनआउट, वॉकआउट, कटऑफ, टेकओव्हर हे शब्द खेड्यातल्या मुलालाही माहीत असतात. रस्त्याच्या कडेला पिकअप शेड असते, शेतमाल पिकअप गाडीनं जातो. पेपर फुटला तर 'पेपर आउट झाला' म्हणतात, आणि हा 'आउट' 'बाहेर पडणे'चा सख्खा भाऊ आहे. मराठीनं ही सगळी क्रियापदं नामं म्हणून, एकेका अर्थात गोठवून घेतली. ती वर्गात परत वितळवता येतात : 'लॉकअप' माहीत आहे ना, मग 'लॉक अप द शॉप' म्हणजे काय असेल? माझ्या अनुभवात या प्रश्नाला मागच्या बाकावरूनही उत्तर येतं. प्रीपोनसारखं, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणण्यासारखं, आपण स्वतःही काही घडवलं आहे. 'पोस्टपोन'वरून 'प्रीपोन' करणारी बुद्धी तर्काची आहे. त्या बुद्धीला 'ब्रिंग फॉरवर्ड' कधी भेटलंच नाही, एवढंच.

महाराष्ट्रात जून २००० पासून सगळ्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधी ते पाचवीपासून असे. पंचवीस वर्षं उलटली. या काळात आपण इंग्रजी कुठल्या इयत्तेपासून, गणित-विज्ञान सेमी-इंग्रजीत की मराठीत, यावर सतत वाद घातला. मुलाला त्या तासात नेमकं काय मिळतं, याची चर्चा मी पालकसभेतही ऐकली नाही आणि प्रशिक्षण वर्गातही फारशी नाही. दहा वर्षं इंग्रजी शिकून 'मेक अप'पाशी अडणाऱ्या मुलाला आणखी दोन वर्षं आधी सुरुवात करून काही मिळणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्राथमिक शाळेत मातृभाषेवर भर दिला आहे. त्याचा अर्थ फक्त 'इतर विषय मराठीतून' असा घेऊ नये. इंग्रजीच्या तासालाही मराठी हे शिकवण्याचं साधन आहे, असं पाठ्यपुस्तकात, शिक्षक हस्तपुस्तिकेत स्पष्ट लिहून यायला हवं, म्हणजे फळ्यावर 'पिऊन टाकणे' लिहिणाऱ्या शिक्षकाला शेऱ्याची भीती राहणार नाही.

आठवड्यानंतर मी त्या वर्गात 'मेक अप' परत घेतला. आधी फळ्यावर फक्त 'लागणे' लिहिलं आणि अर्थ सांगायला सांगितले. फळा भरला. 'दूध लागलं' कुणी सांगेना, ते त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं सांगितलं. तिच्या घरी दुभती म्हैस होती. मग खाली 'मेक अप' लिहिलं आणि वाक्यं दिली. कुठे 'जुळवणे' बसतं, कुठे 'भरून काढणे', कुठे काहीच बसत नाही, यावर वर्गात वाद झाला. तास संपला तेव्हा 'मेक अप युअर माइंड' कुठल्या रांगेत ठेवायचं हे ठरलेलं नव्हतं.

परीक्षेत मात्र पुन्हा तोच एका गुणाचा प्रश्न आला : क्रियापदाचा अर्थ इंग्रजीत लिहा, वाक्य न देता. ज्या मुलांनी 'कॉम्पेन्सेट' पाठ केलं होतं त्यांना गुण मिळाला. माझी मागणी छोटी आहे. प्रश्नात पूर्ण वाक्य द्या. दोन मैत्रिणी भांडल्या, आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि शुक्रवारी 'दे मेड अप' असं लिहा. आणि एखाद्या मुलीनं इंग्रजीच्या पेपरात त्याखाली 'त्यांचं परत जुळलं' असं मराठीत लिहिलं, तर तिला पूर्ण गुण द्या.